बटणांचे डायपर आणि रोजची मालिश

लेक झाली तेव्हा कापडी डायपर निवडण्यासाठी मी जेवढा अभ्यास केला, तेवढा बीएडलाही केला नव्हता. शेवटी बटणांचे सहा डायपर मागवले. त्यांच्या आत खिसा असतो आणि त्यात कापडाची घडी सरकवायची असते. सासूबाई मात्र स्वतःच्या जुन्या सुती साडीचे लंगोट शिवत बसल्या होत्या. "असू देत हाताशी," एवढंच म्हणाल्या.

महिनाभरात माझे डायपर गळायला लागले. गच्चीवर कडक उन्हात वाळवले, तरी तेच. मी चिडून दुकानदाराला लांबलचक तक्रार लिहायला बसले. तेवढ्यात लेकीला मालिश करायला येणाऱ्या मावशींनी एक वाळलेला डायपर उचलला आणि त्याच्या आतल्या बाजूवर पाणी शिंपडलं. अळवाच्या पानावरून ओघळावेत तसे थेंब ओघळून गेले.

"ताई, मी रोज पोरीच्या अंगात एवढं तेल जिरवते. आंघोळीनंतरही ते थोडं राहतंच. ते सगळं यानं पिऊन घेतलंय. लंगोट तुम्ही उकळत्या पाण्यात टाकता, याला कुठे टाकता?"

मी तक्रार पुसून टाकली आणि डायपर गरम पाण्यात साबण लावून, तेल निघेपर्यंत धुतले. आता घरात लंगोट आणि बाहेर जाताना डायपर, असं आमचं मजेत चाललंय. "मी सांगत होते," असं सासूबाई एकदाही म्हणाल्या नाहीत. फक्त परवा माझ्या आवडत्या मऊ ओढणीवरून हात फिरवत त्यांनी विचारलं, "ही अजून वापरतेस का गं?"

मी कात्री आणून दिली.