साडूंचा डोंगर

आमच्या साडूंइतका हट्टी माणूस अख्ख्या नाशिक जिल्ह्यात नसेल, आणि असलाच तर तो साडूंच्या संगतीने बिघडलेला असणार. विम्याच्या नोकरीतून मोकळे झाल्यावर त्यांच्या हाती एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन चित्रकारांचं एक जाडजूड पुस्तक लागलं. ती मंडळी रंगांच्या पेट्या पाठीवर टाकून डोंगरदऱ्यांत जायची आणि कुऱ्हाड पोचण्याआधी तिथली जंगलं रंगवून ठेवायची. साडूंनी त्यांना थेट घरातलंच करून टाकलं. "आपली माणसं कधी उन्हाला भ्यायली नाहीत," असं ते म्हणत, तेव्हा आपली माणसं म्हणजे अमेरिकेतली, हे समजायला मला बरेच दिवस लागले. नाशिकच्या द्वारका चौकातल्या गर्दीत रिक्षा थांबवून ते ढग बघत उभे राहायचे आणि मागच्या बसवाल्याच्या शिव्या शांतपणे ऐकून घ्यायचे. फोटोवरून चित्र काढणं ही त्यांच्या लेखी चोरी. "समोर असेल तेच काढायचं. झाडाला पान नसेल तर नाही." माझ्या मेहुणीने, म्हणजे त्यांच्या बायकोने, एकदा त्यांच्या बोडक्या बाभळीला चार पानं लावायला सुचवलं, तर दोन दिवस घरात अबोला.

मग चांदवडजवळच्या एका डोंगराला खडीचा क्रशर लागला आणि साडू पेटले. डोंगर जायच्या आत रंगवायचाच, तोही पलंगाएवढ्या कॅनव्हासवर. पायथ्याला एका बाईंचं कांद्याचं शेत होतं, त्याच्या बांधावर त्यांनी ठाण मांडलं. वाऱ्याने कॅनव्हास उडू नये म्हणून मागून धरायला मी. अमेरिकेतले लोक बाहेर छोटी चित्रं काढून मोठी घरी बसून करायचे, हे मी त्यांच्याच पुस्तकातून वाचून दाखवलं.

"तिथे त्यांचं चुकलं," साडू म्हणाले.

पण डोंगर त्यांच्यापेक्षा घाईत होता. दर रविवारी शेंडा थोडा खाली आलेला असे, आणि साडू नियमाप्रमाणे तेवढा रंग खरवडून तिथे आभाळ भरत. मी चिडायचो. राहू द्या ना शेंडा, कोण तपासायला येतंय? ते ऐकत नसत.

एका रविवारी शेतातल्या बाई पाण्याचा तांब्या घेऊन आल्या आणि चित्रापुढे थांबल्या.

"भाऊ, आमचा डोंगर काढायला आलते ना तुम्ही? मंग याचं डोकं कुठं हाय?"

"तिथे तरी कुठे आहे?" साडूंनी डोंगराकडे बोट दाखवलं.

"तिथं नाय, ते दिसतंय मला. म्हणून तर इथं बघायला आले."

साडूंनी एकदा चित्राकडे पाहिलं, एकदा बाईंकडे. मग त्यांनी मला कॅनव्हासचा स्टँड फिरवायला लावला, डोंगराकडे पाठ केली आणि शेंडा आठवून काढू लागले. मध्येच हात थांबला.

"उजवीकडे एक खाच होती ना?"

"व्हती. पण जरा खाली," बाई म्हणाल्या.

मी कॅनव्हासमागे असल्यामुळे मला चित्र दिसत नव्हतं. साडूंचे भरलेले डोळे दिसत होते आणि त्यांच्या पाठीमागे उरलेला अर्धा डोंगर. या माणसावर मी इतकी माया करतो, हे मला तेव्हा कळलं.