डोंगरातला अल्बन दर्यावर आला

मोठ्या वादळात आमची छपरं उडाली आणि पलीकडे ग्रेनाडाच्या डोंगरात जायफळाची झाडं आडवी झाली. झाडं गेली म्हणून अल्बन रेडहेड बेकार झाला, आणि छपरं गेली म्हणून आम्हाला सुतार हवा झाला. असा तो लाकडांनी भरलेल्या गलबतावर बसून आमच्या कॅरियाकू बेटावर, विंडवर्ड गावात आला. वाटेत इतका ओकला होता, की धक्क्यावर दोघांनी धरून उतरवावं लागलं. उतरल्यावर पहिलं काय विचारलं असेल? "इथं चालत येता येईल असा रस्ता नाही का?" बेट आहे रे बाबा, रस्ता कुठून आणायचा.

माझी चुलत बहीण युलाली विधवा. तिचं घर अगदी वाळूला लागून. तिचंच छप्पर त्यानं पहिलं घातलं. मग खिडक्या नीट केल्या. मग दार. मग नीट असलेलं दारही पुन्हा नीट केलं. सगळ्या गावाची छपरं झाली तरी या बाईच्या घरची दुरुस्ती काही संपेना. मी फटकळ आहे, मला राहवत नाही. मी त्याला म्हटलं, "अल्बन, आता घर पाडून पुन्हा बांधायचा विचार आहे का?" तर घोडनवरा चक्क लाजला. पन्नाशीचा माणूस, कानाच्या पाळ्यांपर्यंत लाजला.

पण युलाली माझ्याहून वस्ताद. तिचा नवरा सिमियन आमच्या गावातला चांगला दर्यावर्दी, आणि त्यालाच दर्यानं नेलं. दोन रात्री ती खिडकीत कंदील लावून बसली होती. अल्बननं लग्नाचं विचारलं तेव्हा तिनं हात पुसले आणि म्हणाली, "तू माणूस चांगला आहेस. पण तुला समुद्रातलं ओ का ठो कळत नाही. रात्री एकट्यानं होडी खडकांमधल्या खिंडीतून आत आणून दाखव, मग बघू. ज्याला घरची वाट माहीत नाही त्याच्यासाठी मी खिडकीत बसणार नाही."

मी तिला बाजूला घेऊन म्हटलं, "अगं बये, मग त्याला समुद्रावर पाठवूच नकोस की. सुतार आहे, राहू दे जमिनीवर."

"विंडवर्डात जमिनीवर राहणारा पुरुष कुठं असतो ते तुला माहीत आहे," ती म्हणाली.

माहीत होतं. रमच्या दुकानात असतो. माझाच तिथं होता.

तर अल्बनची शिकवणी सुरू झाली. शिकवायला आमचे क्लॅरिजकाका, ज्यांची पाठ वाकली तरी जीभ सरळ होती. पहिल्या दिवसापासून दोघांची जुंपली. होडी वल्हवताना माणूस पाठ पुढं करून बसतो, हे साऱ्या जगाला ठाऊक आहे. अल्बनला ते पटेचना. "काका, डोंगरात कुणी पाठ करून चालतं का? दरीत जाईल की." तो उभा राहायचा, तोंड पुढं करायचा आणि वल्ही ढकलायचा. गावातल्या बायका धुणी टाकून बघायला यायच्या. क्लॅरिजकाका वाळूवर बसून कपाळ धरायचे. "कर बाबा कर," ते म्हणायचे, "जायफळाच्या रसात कालवलेलं डोकं आहे, त्यात माझं काही शिरायचं नाही." ते खोटंही नव्हतं. अल्बन माशाच्या सारातसुद्धा जायफळ किसायचा. युलाली ओरडायची आणि वाटीभर अजून घ्यायची.

मग शेवंडांची, म्हणजे लांब मिशांच्या त्या थोराड कोळंबीची, पाळी आली. आमच्याकडे शेवंड अंधाऱ्या रात्री धरतात. चांदणं असलं की तो मेला कपारीतून बाहेर पडत नाही. होडी खडकाळ उथळाला लावायची, गुडघाभर पाण्यात उतरायचं, एका हातात पलिता, दुसऱ्या हाताला गोणपाट गुंडाळलेलं. उजेड त्याच्या तोंडासमोर धरायचा आणि हात मागून घालायचा, कारण शेवंड पळतो तो मागे. आमची पोरं हे आईच्या पोटातून शिकून येतात. अल्बन पहिल्या रात्री समोरून गेला आणि धरल्या त्याच्या मिशा. परत आला तेव्हा हातात दोन लांबलचक मिशा, बाकीचा शेवंड समुद्रात.

"याचा रस्सा करू का?" युलालीनं विचारलं.

त्या दिवसापासून त्याचं नाव 'मिशीवाला' पडलं. तोही आमच्याबरोबर हसायचा, तेच मला त्याचं आवडलं. रागावणारा असता तर पुढच्या गलबतानं परत गेला असता. हा मात्र दर अंधाऱ्या पंधरवड्याला पाण्यात. पाय फाटले, खांदे सुजले. हळूहळू त्याचं ओकणं थांबलं. एकदा तर मी त्याला होडीत बसून मक्याचा गोळा नि खारा मासा निवांत खाताना पाहिलं, लाटा वरखाली होत असताना. मला इतका आनंद झाला की मीच घरी जाऊन चारचौघींना सांगितलं.

राहिली होती खिंड. आमच्या किनाऱ्यासमोर पोवळ्याच्या खडकांची लांब रांग आहे आणि तिच्यात होडी जाईल एवढीच एक वाट. रात्री ती दिसत नाही. टेकडीवर चर्चच्या दारावर एक दिवा असतो आणि त्याच्या बरोबर खाली, वाळूवर, युलालीच्या खिडकीतला कंदील. समुद्रावरून बघताना दिव्याच्या खाली कंदील आला की समजायचं आपण वाटेत आहोत. दोन्हींत फट पडली की खडकावर. तिच्या आजीच्या आजीपासून त्या घरात कंदील लागतो आणि त्याच खिडकीत लागतो.

माझ्या भावाची नवी होडी पाण्यात उतरायची होती. त्याचं जेवण म्हणजे अख्खं गाव. अल्बन म्हणाला, "शेवंड मी आणतो. एकटा जातो." युलालीनं त्याच्याकडे न बघता गोणपाट त्याच्या हातात दिलं.

रात्र गडद होती. मी युलालीच्याच स्वयंपाकघरात मसूर निवडत बसले होते. लांब खडकावर त्याचा पलिता हलताना दिसत होता. मग तो विझला. म्हणजे शेवंड झाले, माणूस घरी निघाला. इथून पुढं वल्ह्यांचा आवाज यायला हवा. आला नाही. वारा उलटा होता, येणार कसा? ते मला कळत होतं, तिलाही कळत होतं. तरी ती उठली, बसली, पुन्हा उठली. "किती वेळ लावतोय," म्हणाली. मी म्हटलं, "डोंगरातला आहे, चढ शोधत असेल." ती हसली नाही. एकाएकी तिनं खिडकीतला कंदील उचलला आणि दार ढकलून वाळूत धावली.

मीही धावले तिच्यामागे. देवाशपथ सांगते, त्या क्षणी मला काही सुचलं नाही. जन्म गेला आमचा या किनाऱ्यावर, पण दोघी बावळटासारख्या पाण्याकडे बघत, ती कंदील उंच धरून डावीकडे, धक्क्याच्या दिशेनं चाललेली. होडी बघायची म्हणून उजेड घेऊन आली होती ती, दुसरं तिच्या मनात काही नव्हतं.

वारा जरा पडला आणि अंधारातून आवाज आला. शांत, जणू शेजारच्या खोलीतून.

"युलाली, कंदील जागेवर ठेव."

ती थबकली. हातातल्या कंदिलाकडे तिनं असं पाहिलं, जसं कुणी तिच्या हातात तान्हं मूल देऊन निघून गेलंय.

"मी खिंडीच्या तोंडाशी नांगर टाकून बसलोय," अल्बन पुढं म्हणाला. "मला घाई नाही. पण तुझ्या चुलत भावाला भूक लागली असेल."

ती धावली. मी आयुष्यात आमच्या कॉम्प्टन घराण्यातल्या बाईला असं धावताना पाहिलं नाही. कंदील तिनं खिडकीत परत जागेवर ठेवला. आणि मग वल्ह्यांचा आवाज आला. खळ्, खळ्, सावकाश. होडीचं टोक वाळूवर घासलं.

तोपर्यंत क्लॅरिजकाकाही काठी टेकत आले होते. काय झालं ते ऐकून त्यांनी टोपी काढली. "आमच्यातला कुणी असता तर पाठ करून वल्हवत आला असता," ते म्हणाले. "मधून एकदा मान वळवली असती, दिव्याखाली कंदील शोधला असता आणि त्याच्या मागं मागं खडकावर गेला असता. कंदील चालतोय हे दिसायला सतत त्याच्याकडे बघत राहावं लागतं."

"मी त्याच्याकडेच बघत असतो," अल्बन म्हणाला. "खिडकी चालत नाही, एवढं मला कळतं. म्हटलं, खिडकीतलं माणूसच बाहेर पडलंय."

युलाली कंबरेवर हात ठेवून उभी होती. तिला रडू येत होतं, म्हणून ती भांडायला लागली. "हसतोस काय? माझ्यामुळं मेला असतास. सिमियनच्या वेळेला मी खिडकीतून हलले नव्हते, दोन्ही रात्री हलले नव्हते. आणि आज..."

"आज हललीस," तो म्हणाला. "मला भीती वाटली, खोटं कशाला सांगू. पण भीतीपेक्षा आनंद जास्त झाला. माझ्यासाठी घरातून असं कुणी धावत आलं नव्हतं."

"आणि मी पुन्हा अशीच धावले तर?"

"धाव की. मी नांगर टाकून थांबीन."

नवऱ्याच्या मयताला चारचौघांत डोळ्यांतून टिपूस न काढलेली आमची युलाली, जवळ जे दिसलं त्यावर मटकन बसली आणि हमसून हमसून रडायला लागली. ते शेवंडांचं पोतं होतं, आणि शेवंडाला पाठभर काटे असतात. ती अशी काही किंचाळून उठली की टेकडीवर पाद्रीबाबांच्या खिडकीत उजेड झाला.

होकार तिनं उभ्यानंच दिला.