सभापतीबाईंची माया

आमच्या तळमजल्यावरच्या टेलरबाईंच्या मुलीला सभापती हे नाव मी ठेवलं. ती नऊ वर्षांची असताना कपडे वाळत घालायच्या दोरीवरून चार घरांत जुंपली होती. ही कार्टी मध्ये उभी राहिली, वारांप्रमाणे पाळ्या लावल्या आणि कागद भिंतीला चिकटवून टाकला. माझ्या वाट्याला गुरुवार आला. अजून गुरुवारच आहे. पंधराव्या वर्षी तिने पाण्याच्या तक्रारीचा अर्ज लिहिला. तसे अर्ज आम्हीही लिहिले होते, पण हिने कार्यालयात तीन खेपा घालून अर्ज कोणत्या टेबलावर झोपतो ते शोधलं आणि त्या टेबलासमोरच ठाण मांडलं. आठवड्यात नळ वाहायला लागले.

अशा मुलीने बारावीनंतर राज्यशास्त्र घेणार म्हटलं तर मला नवल वाटलं नाही. तिच्या मामाला मात्र ठसका लागला.

मामा लाद्यांच्या दुकानात हिशेबनीस. माणूस वाईट नाही, पण चहात साखर किती घातली तेही विचारून घेतो. शिक्षणाच्या कर्जाला जामीन म्हणून त्याचीच सही लागणार होती, कारण टेलरबाईंना ना नवरा, ना पगाराची चिठ्ठी. तेव्हा एका रविवारी दुपारी तो पेन आणि वही घेऊन हजर झाला. मी तिथे होते. चोरून ऐकत नव्हते हो! माझा ड्रेस दंडात आवळत होता, तो सैल करायला गेले होते.

"आतून दोन बोटं माया सोडली होती म्हणून वाचलात," टेलरबाई उसवता उसवता म्हणाल्या. "अंगाबरोबर कापला असता तर गेला असता पोतेऱ्यात."

शिवणीच्या आत जादा कापड ठेवतात ना, ती माया. माझ्या बाबतीत ती दर दोन वर्षांनी कामी येते.

मामाने वही उघडली. "हे बघ ताई. ते नवं काचेचं कॉलेज. कर्ज सहा लाख, हप्ता आठ हजार, दहा वर्षं. हिशेबशास्त्र शिकली तर पहिला पगार तीस हजार. हिचं ते राज्यशास्त्र शिकली तर अठरा. हातात राहिलं काय? दहा! सही मी हिशेबशास्त्रावर करीन. दुसऱ्यावर नाही."

"हे आकडे कुणी दिले?" सभापतींनी विचारलं.

"कॉलेजच्या माहितीपत्रकात छापलेत."

"म्हणजे दुकानदारानेच सांगितलं की माल चांगला आहे."

मी फस्सकन हसले. मामाने माझ्याकडे असं पाहिलं की मी लगेच बटणं मोजायला घेतली.

मग तिने आपली वही काढली. दोन बस बदलून जावं लागतं त्या जुन्या कॉलेजात जाऊन तिने राज्यशास्त्र शिकून बाहेर पडलेल्या एकोणीस जणांचे नंबर मिळवले होते आणि प्रत्येकाला फोन करून थेट पगार विचारला होता! सख्ख्या भावाला लोक पगार सांगत नाहीत, हिला सतरा जणांनी सांगितला. एकाने फोन आपटला. एक अजून परीक्षाच देत घरी बसला होता. बाकीचे कुणी विम्यात, कुणी शाळेत, कुणी कुठल्या संस्थेत. सगळ्यात कमी अकरा हजार, मधला आकडा सोळा.

"मी सोळाच धरले, तुझे अठराही नाहीत धरले," ती म्हणाली. "पण कर्ज एक लाख ऐंशी हजार. फी, पुस्तकं, बस सगळं धरून. हप्ता अडतीसशे, पाच वर्षं. हातात बारा हजार दोनशे. तुझ्या काचेच्या दहा हजारांपेक्षा जास्त."

"आणि पुढे? मंत्री होणार का?"

"मंत्र्यांना अर्ज करणारे ढीगभर आहेत मामा. अर्ज कुठे अडकतो हे कळणारं माणूस मिळत नाही. मला तेच शिकायचंय. तुझे तीस हजार मोठे आहेत, पण रोज सकाळी उठून तिथे मला जायचंय, तुला नाही."

मामाने वही मिटली. "मग सही नाही."

शिवणयंत्राचं चाक थांबवून टेलरबाईंनी विचारलं, "माया कुठाय?"

झालं! मामा ताडकन उभा राहिला. "माया नाही म्हणतेस माझ्यात? हिला अंगाखांद्यावर खेळवली, तापात रात्ररात्र बसलो..."

"अरे, खाली बस! तुझी नाही, हिशेबातली माया विचारतेय." त्यांनी मुलीची वही ओढून घेतली. "बारा हजार दोनशे. भाडं, किराणा, वीज, सगळं लिहून खाली शून्य. नोकरी सहा महिने उशिरा लागली तर? मी आजारी पडले तर? अगदी अंगाबरोबर कापलंयस. मामाची वही चुकीची असेल, पण तुझीही आवळतेय."

सभापतींचे कान लाल झाले. मग तिने पेन्सिल घेतली आणि पुस्तकं, बस यांवर काट मारली.

"फी तेवढी घेते. एक लाख वीस. हप्ता साधारण अडीच हजार, म्हणजे महिन्याला तेराशे माया. पुस्तकं आणि बसचे पैसे मी लोकांचे अर्ज लिहून काढीन." पेन्सिल खाली ठेवून ती म्हणाली, "आणि बँकेत मी विचारून आलेय. दीड लाखाच्या आत जामीन लागत नाही. आईची सही चालते."

मामा पेन खिशात परत ठेवत होता. ते काही केल्या खिशात शिरेना.

सोमवारी टेलरबाईंनी सही केली. बोटांवर खडूची निळी भुकटी होती, ती अर्जावर उमटली. बँकेतला माणूस कुरकुरला, तशी मुलगी म्हणाली, "पुसू नका, आईच्या धंद्याचा पुरावा आहे तो."

आता ती दुसऱ्या वर्षाला आहे. दुपारी यंत्राशेजारच्या स्टुलावर बसून अर्ज लिहिते, पन्नास रुपयाला एक. माझ्याकडूनही घेते, आणि माझ्या गुरुवारी मी दोरी त्यांच्या कपड्यांना देते त्याचीही सूट देत नाही. पुढे काय पगार मिळेल ते तिला ठाऊक नाही, मलाही नाही, आणि माहितीपत्रक छापणाऱ्याला तर मुळीच नाही.

गेल्या महिन्यात मामा आला. त्याच्या घराच्या कागदावर कुणीतरी वडिलांचं नाव चुकवलं होतं आणि दुरुस्ती वर्षभर अडकली होती. सभापतींनी अर्ज लिहिला, कोणत्या खिडकीवर कुणाला भेटायचं तेही सांगितलं आणि हात पुढे केला.

"शंभर."

"सगळ्यांना पन्नास आणि मला शंभर? सख्ख्या मामाला?"

"पन्नास अर्जाचे," ती म्हणाली, "आणि पन्नास माया."

मामाने मोजून शंभर दिले. पावती मागितली. ती तिने आधीच लिहून ठेवली होती.