जास्वंदीजवळची पाटी

‘फुले तोडू नयेत’ ही पाटी मी स्वतः रंगवली होती. शाळेतून निवृत्त झालो तरी शिस्त लावायची खोड जात नव्हती. वर्ग उरला नव्हता, म्हणून सगळ्या गावालाच वर्ग समजून बसलो.

सकाळी फिरायला जाणाऱ्या आम्ही सात-आठ जणांनी खर्ड्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला जास्वंद, कण्हेर, तगर लावली. रोपं मात्र सगळी बायकोने तयार केलेली. दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत माती भरून तिने अंगणात फांद्या लावल्या होत्या. उन्हाळ्यात गावाला टँकर लागायचा, तेव्हा तांदूळ-भाजी धुतलेलं पाणी ती बादलीत साठवायची आणि मी ते सायकलला अडकवून न्यायचो. नाव माझं झालं. सत्काराची शालही मलाच मिळाली.

पूजेची फुलं दुसऱ्याच्या कुंपणावरून तोडायची, हा आमच्याकडे जवळजवळ हक्कच. पहाटे पिशव्या घेऊन निघणाऱ्यांशी मी लई भांडलो. नियम सगळ्यांना सारखा, घरच्यांनासुद्धा, असं मोठ्या तोऱ्यात सांगायचो.

मग बायको आजारी पडली. तिचं घराबाहेर पडणं बंद झालं. अंथरुणाशेजारच्या स्टुलावर तिने छोटा गणपती मांडून घेतला. एकदा म्हणाली, “रस्त्यावरच्या जास्वंदीचं एक फूल आणाल का? माझ्या हातचं झाड आहे ते.”

“मीच तोडलं तर लोकांना कुठल्या तोंडाने सांगू?”

बाजारातून झेंडूचा हार आणला. आणि, लिहितानाही लाज वाटते, त्या जास्वंदीचा मोबाईलवर फोटो काढून तिला दाखवला. तिने दोन बोटांनी तो मोठा करून पाहिला. छान फुललीय म्हणाली आणि मोबाईल परत दिला. पुन्हा तिने मागितलं नाही.

काही दिवसांनी माझ्या लक्षात आलं, त्या झाडाचं रोज एक फूल जातंय. जेवताना मी तिच्यासमोरच तणतणायचो, चोराला पकडल्याशिवाय राहणार नाही म्हणायचो. “आधी जेवून घ्या,” ती म्हणायची.

ती गेली त्या सकाळी शेजारीण परडीभर जास्वंदीची फुलं घेऊन आली. घरात बायकोचा देह ठेवलेला, आणि माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो, “कुणी तोडली?”

“म्याच,” शेजारीण म्हणाली. “दोन म्हयनं रोज एक आनत हुते. तुमी भाहेर पडलात की त्यांना द्यायचे. तुमाला सांगू नको म्हनल्या. लोकांत तुमाला खाली बघाया लागंल, म्हनल्या.”

तेराव्यानंतर तिचं अंथरूण आवरलं. उशीच्या खोळीत कापडी पिशवी सापडली. आत वाळून काळपट पडलेली फुलं. देवाला वाहिलेलं फूल कचऱ्यात टाकायचं नाही, झाडाच्या बुडाशी घालायचं, हे ती कटाक्षाने पाळायची. बुडाशी घालायला तिला जाता येत नव्हतं, आणि माझ्याकडे द्यायची सोय मी ठेवली नव्हती.

रोज माझी चाहूल लागायच्या आत तिने देवापुढचं फूल उचललं असणार. स्वतःच्याच घरात, स्वतःच लावलेल्या झाडाचं.

ती पिशवी मी जास्वंदीच्या बुडाशी रिकामी केली. येणारेजाणारे बघत होते. मग पाटीसमोरच उभं राहून मी एक फूल तोडलं. ते घेऊन कुणाकडे जायचं, हे मला कळेना.