डंकावर नंबर

शिवाजी पेठेत आमच्या घराच्या पुढच्या सोप्यात चटणी कुटायचा डंक होता. विजेवर वर-खाली होणारी लोखंडी मुसळं, खाली उखळं आणि भोवती पोत्यांवर बसलेल्या बायका. उन्हाळा लागला की वर्षाची चटणी, म्हणजे कांदा-लसणाचं तिखट, करायला निम्मी पेठ आमच्या दारात. घरून मिरच्या भाजून, कांदा-खोबरं तळून, लसूण सोलून डबे भरून आणायचे, नंबर लावायचा आणि बसायचं. डंकाच्या आवाजात हळू बोलणं जमायचं नाही, त्यामुळे कुणाचीच भानगड गुप्त राहायची नाही. सासूनं सुनेची कागाळी ओरडून करायची आणि पलीकडं बसलेल्या सुनेनं ओरडूनच उत्तर द्यायचं. घरोघरी मातीच्या चुली, हे मला सोप्यात बसल्या-बसल्या कळलं.

आपला डबा डोळ्यांआड होऊ द्यायचा नाही, हा आमच्याकडच्या बायकांचा नियम. एकीची चटणी दुसरीत मिसळली तर वर्षभर भांडण पुरायचं. म्हणून चटणी होईपर्यंत कुणी घरी जात नसे. झाली की डंकवालीच्या, म्हणजे माझ्या, हातावर एक मूठ ठेवायची आणि "चव बघ गं" म्हणायचं. मी नाक मुरडून "मीठ कमी हाय" म्हणायचे. मीठ कमी नसायचं. पण चांगली झालीय म्हटलं की बायका उठून चालू लागायच्या, आणि कमी म्हटलं की भांडायला आणखी बसायच्या. त्या सगळ्या मुठी एका बरणीत जायच्या. आमच्या घरची अशी वेगळी चटणी कधी झालीच नाही. पेठेचीच चटणी आम्ही वर्षभर खायचो.

त्या बरणीतली थोडी चटणी नवऱ्यानं पुण्याच्या पाहुण्यांना दिली आणि तिकडून मागणी सुरू झाली. आमच्या बचत गटाच्या मीटिंगला छोट्या धंद्यांना कर्ज देणारे एक साहेब यायचे. ते म्हणाले, "वहिनी, किती दिवस दुसऱ्यांचीच कुटत बसणार? महामंडळाचं कर्ज आहे, धंदा वाढवा." खोटं कशाला बोलू, मला मोठं व्हायचंच होतं. कर्ज मंजूर झालं, हातकणंगल्याच्या बाजूला शेड उभी राहिली, मोठं मशीन आलं, पाकिटावर छाप आला. जुना डंक विकला आणि घराचा पुढचा सोपा मोकळा झाला. कर्जाला मी नावं ठेवणार नाही. धंदा चालला, घराला रंग लागला, आणि ताटातल्या अन्नाला लाथ मारायची सवय मला नाही.

पण शेडमध्ये माझ्याशी बोलायला कुणी नाही. जवळच्या पेठ वडगाव गावातून पोरी कामाला येतात, डोक्याला टोप्या, तोंडाला मास्क. एकदा त्या कशावर तरी हसत होत्या. मी म्हणाले, "काय गं, मला बी सांगा की." एकजण म्हणाली, "काय न्हाय मॅडम," आणि सगळ्या खाली मान घालून पाकिटं भरायला लागल्या. नवरा टेम्पो घेऊन आठवड्यातले निम्मे दिवस बाहेरगावी. मी काचेच्या केबिनमध्ये जेवणाचा डबा उघडते आणि भिंतीकडे बघत जेवते. एकटं राहायची मला सवय नव्हती, आणि अजून लागलेली नाही.

पहिल्याच उन्हाळ्यात आमच्या समोरच्या घरातली बाई रिक्षानं शेडवर आली, डबे घेऊन. एवढ्या लांब माझ्यासाठी आली म्हणून मला भरून आलं. पण मशीन असं अवाढव्य की एका घरची चटणी त्याच्या तळालाच चिकटून राहील. "एवढ्याला ह्ये मशीन लागत न्हाय गं," मी म्हणाले आणि तिला बरं वाटावं म्हणून आमची चार पाकिटं तिच्या पिशवीत घातली. पैसे नको म्हणाले. तिच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "मागाय आलतो व्हय मी? आमच्यात इकतची चटणी खाईत न्हाईत," असं म्हणून पाकिटं टेबलावर ठेवली आणि ती रिक्षात बसली. स्वतःची चटणी घेऊन आलेल्या बाईला दुसरी चटणी देणं म्हणजे तुझ्या हाताला चव नाही असं तोंडावर सांगणं. पेठेत जन्म गेला तरी ऐन वेळी मला हे सुचलं नाही. तिनं बोलणं तोडलं नाही, पण त्या दिवसापासून 'अगं' जाऊन 'अहो' आलं.

यंदा पलीकडच्या गल्लीत एका बाईनं नवा डंक टाकल्याचं कळलं. सुट्टीच्या दिवशी मी मंडईतून मिरच्या आणल्या, ठसका लागेपर्यंत भाजल्या, लसूण सोलला. चटणीची मला काय कमी, गोदामभर पडली होती. मला नंबर लावून बसायचं होतं. कुणीतरी माझ्याशी दुपारभर भांडावं, एवढंच हवं होतं.

मी दारात गेले आणि बायकांनी वळून बघितलं. समोरच्या घरातलीही त्यांच्यात होती. "मॅडम, रेट बघाय आलासा?" डंकवालीनं विचारलं. "चटणी कुटाय आलोय," मी म्हणाले आणि माझा डबा रांगेत शेवटी ठेवला. रांग पार उंबऱ्यापर्यंत आली होती, ते बघून मला बरंच वाटलं. पोत्यावर बसायला वाकले तर समोरचीनं दंड धरला. "अहो, खाली कुठं बसताय, साडी खराब हुईल." आतून प्लास्टिकची खुर्ची आली. मी खुर्चीवर आणि बाकी सगळ्या खाली. माझ्याशी बोलायचं तर त्यांना मान वर करावी लागे, म्हणून कुणी बोलेना. डंकवाली तेवढी म्हणाली, "तुमचं बघून मी बी कर्जाला अर्ज घातलाय." मी म्हणाले, "बरं केलंस."

मग तिनं रांगेतला शेवटचा डबा उचलला, माझा, आणि उखळात ओतायला लागली.

"अगं, माझा नंबर लांब हाय. ऱ्हाऊ दे, मी बसते."

"तुमास्नी कामं असत्यात," समोरची म्हणाली. "आमी काय, बसूनच हाय."

सगळ्यांनी माना डोलावल्या. एरवी कुणी नंबर मोडला असता तर याच बायकांनी डंक बंद पाडला असता. माझ्यासाठी एकीनंही कुरकुर केली नाही. भराभर चटणी झाली, डबा पुसून माझ्या हातात दिला, एकजण दारापर्यंत सोडायलाही आली. दुपारभर बसायच्या तयारीनं गेलेली मी उन्हं कलायच्या आत घरी होते.