कालचंच लिहा

अख्तरीआपांची नोकरी विचारण्याची होती. जिल्ह्याच्या आपत्कालीन कक्षात बसून रोज सकाळी अठ्ठावीस दवाखान्यांना फोन लावायचा नि विचारायचं, "बेड किती रिकामे?" मोठा अपघात झालाच, तर जखमी कुठं धाडायचे ते या आकड्यांवर ठरणार. अकरा वर्षं पलीकडून एकच उत्तर यायचं, "कालचंच लिहा ना, आपा." आणि आपा लिहायच्या. सगळेच लिहीत होते.

एका मंगळवारी भर दुपारी करमाडजवळ कापूस वेचणाऱ्या बायांचा टेम्पो उलटला. नऊ जखमी. पाचजणींची सोय सरकारी दवाखान्यात लागली. उरलेल्या चौघींसाठी आपांनी रजिस्टर उघडलं. बायपासवरचा एक चकचकीत खासगी दवाखाना, रिकामे बेड सहा. त्यांनी रुग्णवाहिकेच्या रामकिसनला तिकडंच पिटाळलं.

थोड्या वेळात त्याचा फोन आला.

"आपा, बेड हायेत. पर गच्चीवर! गंजलेले, एकावर एक रचलेले. मॅनेजर म्हणतो, मोजायला सांगितले, आम्ही मोजले."

आपांनी घड्याळाकडं पाहिलं.

"मनकर्णाबाई कशी हाय?" चौघींपैकी तिच्याच पोटाला मार होता.

"पांढरीफट पडली. लौकर बोला!"

आपांनी रजिस्टर मिटलं. आता मॅनेजर नाही, थेट वॉर्डातल्या सिस्टरांना फोन. "आकडा नको गं. बेडपाशी जा, हात लाव, मग बोल." चौथ्या दवाखान्यातल्या सिस्टर म्हणाल्या, "चार आहेत, गादीसकट. आणा." यात पाऊण तास गेला. मनकर्णाबाई वाचली, पण अगदी काठावरून.

शुक्रवारी आढावा बैठक झाली. गच्चीवाला मॅनेजर कक्षाच्या साहेबांच्या शेजारीच बसून सामोसा खात होता. बोटं तेलकट, चेहरा स्वच्छ. "यंत्रणा वेळेत हलली," असं अहवालात वाचून झाल्यावर साहेब हळूच म्हणाले, "आपा, मंगळवारच्या त्या सहा बेडचं तेवढं शून्य करून टाका. उगा चौकशी कशाला?"

"नाय होणार, साहेब."

"अहो, अक्षर तुमचं आहे. तुमच्याच अंगाशी येईल."

"येऊ द्या की. न बघता अकरा वर्षं मीच लिहिलं." आपांनी मॅनेजरकडं पाहिलं. त्याची किळस येत होतीच, पण त्याच्याइतकीच आपल्या त्या वळणदार अक्षराचीही येत होती. त्यांनी रजिस्टर काखेत मारलं आणि चौकशी मागणारा अर्ज आवकच्या खिडकीत देऊन पोच म्हणून शिक्का घेतला.