पंचक्रोशीत धाकट्या जावेसोबत

धाकट्या जावेचं बाळ सातव्या महिन्यात पोटातच गेलं. दोन महिन्यांनी सासूबाईंनी सांगून टाकलं, पुढचं मूल जगावं म्हणून वैशाखात ही पंचक्रोशीची यात्रा करेल, अनवाणी. तिला कोणी विचारलं नाही. धाकट्या दिरांनी पेपरातून मान वर केली नाही.

"आणि तू सोबत जा," सासूबाई मला म्हणाल्या. "चप्पल घातली तर नवस वाया. लक्ष ठेव."

नवस माझा नव्हता, म्हणून मी स्पोर्ट्स शूज घातले.

नागचंद्रेश्वराला नारळ वाहून, देवाकडून चालायचं बळ मागून आम्ही उज्जैनहून निघालो. पाच दिवस, शंभरावर किलोमीटर. दुसऱ्या दिवशी करोहनच्या वाटेवर डांबर मऊ पडलं होतं. ती कडेच्या वाळल्या गवतातून चालू लागली, तर तिथे काटे. टाचांचे फोड फुटले. मी मागून म्हणत राहिले, "चल लवकर, मुक्कामाच्या पडावावर जागा मिळणार नाही."

एका गावात बायका यात्रेकरूंचे पाय धूत होत्या. एका म्हातारीने हिचा पाय मांडीवर घेतला आणि तिचा हात थांबला. माझ्या बुटांकडे बघून तिने स्वतःच्या चपला काढल्या. "पहन ले बेटी, भगवान कुछ नी केगा."

जावेने घातल्या. दहा पावलं सरळ चालली.

"काढ," मी म्हणाले.

"वहिनी, त्या झाडापर्यंत फक्त. घरी कोणाला कळणार आहे?"

"मी सांगितलं की कळेल."

तिने काढल्या. मी त्या परत द्यायला गेले, तर म्हातारीने माझ्या हातातून घेतल्याच नाहीत. ओट्यावर ठेवून आले.

वाईट वाटलं नाही, उलट बरं वाटलं. माझ्या पहिल्या बाळंतपणात, अंगात ताप असताना, बाराव्या दिवशी मला सासूबाईंनी चुलीपुढे उभं केलं होतं. माझ्यासाठी कोणी बोललं नव्हतं. मग हिचीच सुटका का?

चौथ्या दिवशी तिला ताप भरला. पडावावरच्या डॉक्टरने पाय बघितला, मला तंबूबाहेर नेलं. "इन्हें आगे मत चलाइए. शुगर भी लगती है. सीधे अस्पताल ले जाइए."

मी घरी फोन लावला. सासूबाई म्हणाल्या, "एका दिवसासाठी मोडू नकोस."

आत जाऊन मी जावेला सांगितलं, "डॉक्टर म्हणाले, हळूहळू चाल, काही होत नाही."

ती उठली. शेवटचा दिवस माझ्या खांद्याला धरून चालली. क्षिप्रेत अंघोळ केली, बळ परत करायचं म्हणून नागचंद्रेश्वराला मातीचा घोडा वाहिला आणि तिथेच देवळाच्या पायरीवर बसली ती उठेना. माधव नगरच्या दवाखान्यात तीन आठवडे होती. उजव्या पायाची दोन बोटं कापावी लागली.

तिथे एकदा तिने विचारलं, "वहिनी, डॉक्टर खरंच तसं म्हणाले होते?"

"हो," मी म्हणाले.

तिने मान हलवली आणि कूस बदलून भिंतीकडे वळली. पुन्हा कधी विचारलं नाही.

पुढच्या वर्षी तिला मुलगी झाली. दीर देवासला बदली घेऊन गेले. सणाला येतात, नमस्कार करून संध्याकाळच्या आत निघतात. तेवढ्या वेळात सासूबाई आल्यागेल्याला नात दाखवतात, "पंचक्रोशीचं फळ." पाहुणे माझ्याकडे बघतात. मी चहाचे कप ठेवते आणि सांगते, "हो ना, मी होते सोबत."